नऊ वाजायचे आहेत

"रिकामी यादी आली की हुरळून जाऊ नकोस. यादी दोन कारणांनी रिकामी येते. एक तर सगळं ठीक आहे, नाहीतर कोणी बघितलंच नाही."

मास्तरांनी हे मला त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सांगितलं, टेबलाचा खण रिकामा करता करता. मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. शिकवलं त्यांनी कुठेच नव्हतं, पण बोलणं सगळं फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं, म्हणून मास्तर. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते आणि माझं सगळं लक्ष त्यांची खुर्ची मोकळी कधी होते याकडे होतं. मी "हो हो" म्हटलं. निवृत्त होणारा माणूस काहीतरी सांगून जाणारच, असं मनात म्हटलं आणि खुर्चीवर बसले.

आमची संस्था लहान आहे. शहरात एकट्या राहणाऱ्या दोनशेबारा म्हाताऱ्या माणसांच्या घरी भिंतीवर एक हिरवं बटण आहे. रोज सकाळी नऊच्या आत त्यांनी ते दाबायचं. दाबलं की आमच्याकडे त्यांच्या नावापुढे 'आज ठीक' अशी नोंद होते. सव्वानऊला एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप पाळायच्या सूचनांचा कागदच म्हणा, सुरू होते आणि ज्यांनी बटण दाबलं नाही त्यांची यादी काढून फोनवर बसणाऱ्या तिघींना पाठवते. त्या एकेकाला फोन करतात. कोणी उचलला नाही, तर ज्या शेजाऱ्याकडे किल्ली ठेवलेली असते त्याला वर पाठवतात. यादीत साधारण सहा-सात नावं असतात. बहुतेक विसरलेले, एखादा झोपलेला, एखादा रुसलेला.

ती स्क्रिप्ट मास्तरांची. त्यांच्यानंतर माझ्याकडे आली.

फोनवरच्या तिघींतल्या मोठीला सगळे ताई म्हणतात. ताईंच्या यादीत एक नाव रोज असायचं. एक टेलरबाई, वय एक्याऐंशी, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर राहणारी, अजून शाळेचे गणवेश शिवणारी. ती बटण दाबायचीच नाही. सुरुवातीला ताईंना वाटलं बटण बिघडलं, माणूस पाठवला. बटण ठणठणीत होतं. मग ताईंच्या लक्षात आलं, की बटण दाबलं तर फोन येत नाही आणि नाही दाबलं तर साडेनऊला येतो. बाईने हिशेब बरोबर केला होता. ताईंनी तो कोणाला सांगितला नाही. फक्त मला सांगितला, आणि तोही हसत. "चार मिनिटं बोलते गं. बाह्या, काजं, कुठल्या पोराचं पोट सुटलंय. मलाही बरं वाटतं."

या वर्षी वरून आदेश आला, की सगळ्या कंटेनरचा पाया बदलायचा.

कंटेनर म्हणजे एखादं काम चालायला जे जे लागतं ते सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं. त्यात सगळ्यांत खाली एक ऑपरेटिंग सिस्टीम असते, तो पाया. आमचा जुना पाया मोठा होता, सगळं आत असलेला, आणि त्याची देखभाल आता बंद होणार होती. नवा पाया त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा, सुटसुटीत, सुरक्षित. साहेब बैठकीत म्हणाले, "पाया बदलायचा, घर तेच." साहेबांनी घर कधी बदललेलं नसावं. आम्ही मागच्या वर्षी बदललं, तेव्हा सासूबाई तीन महिने मिठासाठी डावीकडे हात नेत होत्या आणि हातात साबण येत होता.

स्क्रिप्टचंही तसंच होतं. तिचे हात जुन्या घरातच राहिलेले असतात. नव्या पायात सामान बसवायची आज्ञा वेगळी, ती बदलली. आज्ञा वाचणारा कवच-प्रोग्राम लहान, त्याला दुहेरी कंस कळत नव्हते, ते एकेरी केले. नावांची क्रमवारी लावणारं हत्यार होतं, पण त्याचे दोन-तीन पर्याय गायब होते. तेवढा भाग नव्याने लिहिला. हे सगळं कटकटीचं असतं, पण अवघड नसतं. जे नाही ते ओरडून सांगतं, मी नाही म्हणून. लाल अक्षरात, ओळीच्या क्रमांकासकट. मी एक एक ओरडा बंद करत गेले.

हे काम मी दुपारी तीन ते साडेचार करायचे. ठमी तेव्हा झोपते. ठमी म्हणजे आमची मुलगी, दहा महिन्यांची. ती झोपली की मी दर दहा मिनिटांनी उठून तिच्या नाकाखाली बोट धरून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तिला श्वास घ्यायला तुझी परवानगी लागत नाही." नवरा म्हणायचा, "आई, तिला बोलू नकोस, ती मोजतेय." मी खरंच मोजायचे.

मंगळवारी सगळे ओरडे थांबले. तीन वाजून पाच मिनिटांनी मी जुनी आणि नवी, दोन्ही गाठोडी शेजारी शेजारी चालवली. दोन्हीकडून त्या दिवसाची यादी आली, सात नावं, तीच, त्याच क्रमाने, वरून तिसरी टेलरबाई. मी तीनदा ताडून पाहिलं. साडेतीनला नवं गाठोडं चालू केलं, जुनं बंद केलं, साहेबांना कळवलं आणि ठमीच्या नाकाखाली बोट धरून आले.

बुधवारी सकाळी साडेनऊला ताईंचा फोन.

"आज काय सुट्टी आहे का म्हाताऱ्यांना?"

"का हो?"

"यादीत कोणी नाही. 'आज यादीत कोणी नाही' असं आलंय चक्क. सगळ्यांनी एकदम शहाणं व्हायचं ठरवलं की काय?"

मी ठमीला पेज भरवत होते. एक चमचा आत, अर्धा बाहेर.

"चांगलं आहे की मग."

"टेलरबाईचं पण नाव नाही."

"दाबलं असेल बटण."

"दोन वर्षांत दाबलं नाही ते?"

"ताई, शिकल्या असतील. आनंद माना. चहा घ्या निवांत."

ताई हसल्या. नियम असा आहे, की फोन यादीवरूनच करायचा, मनाने नाही. एकदा कोणीतरी मनाने फोन करत सुटलं होतं आणि दोघांना आपल्याला काहीतरी झालंय असं वाटायला लागलं होतं. ताईंनी नियम पाळला. चहा घेतला असावा.

गुरुवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. या वेळी 'काय गं' नाही, काही नाही.

"आजही रिकामी आहे."

मी ठमीला कडेवरून खाली ठेवलं.

"मी नियम मोडला. टेलरबाईला फोन लावला, दोनदा. उचलत नाही."

"बाहेर गेल्या असतील."

"ती? साडेनऊला? अगं, ती त्या फोनसाठी आंघोळ आधी उरकते."

मी लॅपटॉप उघडला. स्क्रिप्ट रोज आपण काय केलं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल मी बुधवारी उघडायला हवी होती. तिच्यात दोन दिवसांच्या दोनच ओळी होत्या आणि दोन्ही सारख्या. 'नऊ वाजायचे आहेत. थांबते.' ओळीच्या सुरुवातीला वेळ छापलेली होती, तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा वाजले होते.

कळायला मिनिटभर लागलं असेल. नव्या पायात जागोजागच्या वेळांचा तक्ता नव्हता. कुठल्या गावाची वेळ धरायची ते मी सांगितलं होतं, पण ते गाव शोधायचा तक्ताच नाही म्हटल्यावर त्याने न विचारता, न ओरडता, जगाची प्रमाणवेळ धरली. आमच्या साडेपाच तास मागे. आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत मास्तरांची एक अट होती: नऊ वाजले नसतील तर काही करू नकोस. सव्वानऊला बाहेरच्या मोठ्या संगणकाने, ज्याचं घड्याळ बरोबर होतं, तिला उठवलं, की ती आपल्या घड्याळात बघायची, पावणेचार वाजलेले दिसायचे आणि ती शहाण्यासारखी परत निजायची. पुढची पायरी कोरी फाइल बघून 'आज यादीत कोणी नाही' असं पाठवायची. मी चाचणी घेतली ती दुपारी तीनला. तेव्हा तिच्या घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. अट पार, यादी बरोबर. ठमी सकाळी झोपत असती तर हे मंगळवारीच कळलं असतं.

ती अट मी वाचली होती. अनावश्यक वाटली होती, पण काढली नव्हती, दुसऱ्याच्या कामाचा मान म्हणून.

मी घड्याळाची वेळ हाताने दिली आणि दोन्ही दिवसांच्या याद्या काढल्या. मिळून चौदा नावं. ताईंना पाठवल्या.

"आम्ही तिघी लागतो कामाला," ताई म्हणाल्या. "टेलरबाईची किल्ली खालच्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. तो फोन उचलत नाहीये, मशीन चालू असलं की त्याला ऐकू येत नाही."

"मी जाते. दोन गल्ल्या आहेत."

"जा. आणि हे बघ."

"काय?"

"काही नाही. जा."

मी ठमीला सासूबाईंकडे दिलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. दारातून फक्त म्हणाल्या, "चपला तरी एका जोडीतल्या घाल." मी बदलल्या.

झेरॉक्सवाल्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी टेलरबाईची किल्ली मागितली, तर त्याने आधी माझ्याकडे, मग छताकडे पाहिलं.

"कालपासून वरून मशीनचा आवाज नाही," तो म्हणाला. "मला वाटलं गणवेश संपले असतील."

"तुम्ही वर गेला नाहीत?"

"त्या बटणवाल्यांच्या ऑफिसातून फोन येतो ना मला, काही असलं की. आला नाही, म्हटलं सगळं ठीक असणार."

त्याने गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि माझ्या पुढे जिना चढला. दोन-दोन पायऱ्या. दाराला कुलूप नव्हतं, आतली कडीही नव्हती, फक्त लॅच. त्याने किल्ली फिरवली.

खोली एकच, लांबट. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट सुईखाली तसाच. पलंग मागे. मशीन आणि पलंग यांच्या मध्ये, जमिनीवर, निळ्या कापडाचा एक ढीग होता. गणवेशांचं कापड, न कापलेलं. ढिगातून एक डोकं बाहेर होतं आणि डोळे उघडे होते.

"कोण?" ती म्हणाली. आवाज कागदासारखा. "फोनवाली का?"

"नाही. मी यादीवाली. यादी मी काढते."

"असं." तिने डोळे माझ्याकडे वळवले. "मला वाटलं, तुम्हाला कळलं."

"काय कळलं?"

"मी मुद्दाम बटण दाबत नाही ते. म्हटलं, कळलं आणि कट्टी केलीत. बरोबरच आहे म्हटलं. लबाडी माझीच."

झेरॉक्सवाला अँब्युलन्सला पत्ता सांगत होता, फार मोठ्याने. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला ती पडली होती. उजवा हात टेकायला गेली तो मनगटापासून वाकडा झाला होता आणि उजवा पाय हलत नव्हता. बटण दाराजवळच्या भिंतीवर, फोन खिडकीच्या कट्ट्यावर. तिने डाव्या हाताने कापडाचा तागा ओढून अंगावर घेतला होता. इस्त्री करताना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली मशीनच्या पायापाशी होती, ती तिला मिळाली. सव्वीस-सत्तावीस तास ती तोंडात फवारे मारून राहिली होती. बाटलीत आता बोटभर पाणी होतं.

"साडेनऊला वाजेल म्हणून थांबले," ती म्हणाली. "उचलला नाही की कोणीतरी येतंच, ताई सांगते ना नेहमी. काल वाजला नाही. मग म्हटलं उद्या. आज वाजला, दोनदा. पण आज काय, हात पोचायला हवा."

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "घड्याळ चुकलं होतं आमचं."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

तिने डोळे मिटले. "सेल बदला," ती म्हणाली.

स्ट्रेचर जिन्यात वळत नव्हतं, तिला चादरीत घालून खाली आणावं लागलं. तिने फक्त कापड कोणाचं आहे ते मला सांगून ठेवलं, शाळेचं नाव आणि मापांची वही कुठे आहे ते. अँब्युलन्स गेली, झेरॉक्सवाला दुकानात परतला. त्याची तिन्ही गिऱ्हाइकं अजून उभी होती.

बाराच्या आत ताईंचा निरोप आला. बाकीची सगळी नावं लागली होती. सगळे ठीक. एक बहिणीकडे गेलेला, एकीने बटणावर कॅलेंडर टांगलेलं, बाकीचे विसरलेले. मी घरी येऊन नव्या पायात वेळांचा तक्ता बसवला. एक ओळ. तो बसला की नाही हे बघायला मी शुक्रवारी सकाळी सव्वानऊला लॅपटॉपसमोर बसले. यादीत सहा नावं आली.

मास्तरांना मी स्वतःहून फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती अट का घातली होती माहितेय?" शेवटी म्हणाले. "पहिल्या वर्षी मी चाचणी म्हणून सकाळी सहाला चालवली आणि पाठवणं बंद करायचं विसरलो. एकशेचाळीस म्हाताऱ्यांना फोन करून उठवलं, तुम्ही जिवंत आहात ना म्हणून. चौघं तर रडायला लागले."

"मग अट घालताना त्याची नोंद का नाही केलीत?"

"लाज वाटली, पोरी."

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. साहेब म्हणाले, चूक व्यक्तीची नसते, प्रक्रियेची असते. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं, म्हणजे व्यक्ती कोण ते त्यांना माहीत होतं. ताई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बुधवारी मला कळलं होतं आणि मी चहा प्यायले.  मी सांगितलं, की चहा घ्यायला मीच सांगितलं होतं. हे इतिवृत्तात आलेलं नाही.

ठरलं ते असं: यादीत एक खोटं नाव घालायचं. बटण कधीच न दाबणारा, जगात नसलेला एक माणूस. ज्या दिवशी त्याचं नाव येणार नाही, त्या दिवशी यादी बिघडली असं समजायचं आणि सगळ्यांनाच फोन करायचे. तंत्र जुनंच आहे आणि बरंही आहे.

"म्हणजे टेलरबाईची जागा भरलीत," ताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

टेलरबाई आता मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत आहे, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे, खिडकीजवळून तिसरी खाट. कमरेचं ऑपरेशन झालं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आहे, ते अजून पाच आठवडे. बोटं परत सुई धरतील की नाही ते प्लास्टर निघाल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणतात. ती विचारत नाही. ताई रोज साडेनऊला तिला फोन करतात. मी एक दिवसाआड जात होते. पण शनिवारपासून ठमीला ताप आहे आणि अंगावर पुरळ उठलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, घाबरण्यासारखं काही नाही, मात्र दहा दिवस इस्पितळात पाऊल टाकायचं नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना लागण होईल. मी घाबरलेली नाही. तासातासाला ताप लिहून ठेवते आहे, एवढंच.

तिथे प्रत्येक खाटेला नर्सला बोलवायची घंटी असते, वायरला लोंबणारी. ती उजव्या बाजूला अडकवायची पद्धत आहे. मी दोन वेळा ती काढून डावीकडे उशीखाली ठेवली. दोन्ही वेळा चादरी बदलायला आलेल्याने जागच्या जागी नेऊन अडकवली. त्याचंही चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय. टेलरबाईला विचारलं तर ती म्हणते, असू दे, मला कुठे लागते. ताईंनाही फोनवर तेच सांगते, आणि वायर कुठल्या बाजूला लोंबतेय हे फोनवर दिसत नाही. भेटायची वेळ चार ते सहा आहे, नाव विचारत नाहीत, कोणालाही सोडतात. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर दोन मिनिटं वर जा. तिसरी खाट. घंटी तिच्या डाव्या हाताशी आहे का, तेवढं बघा. नसेल तर ठेवा, आणि निघण्यापूर्वी तिला एकदा दाबून बघायला सांगा.